जुनं फ्रेंच घड्याळ घ्यायचंय? आधी ते फिरवून मागून बघा

फ्रान्समध्ये लिओंला येऊन मला नऊ वर्षं झाली, आणि घरात चार जुनी घड्याळं झाली. त्यातलं पहिलं मी साफ चुकीचं घेतलं. गावाबाहेर रविवारी व्हिद-ग्रेनिए भरतो, म्हणजे लोक माळ्यावरचं सामान रस्त्यावर मांडून विकतात तो बाजार, तिथे एक सोनेरी घड्याळ दिसलं, वर मेंढपाळीण, पायाशी कोकरू, पांढरी तबकडी, निळे रोमन आकडे. साठ युरो दिले आणि मांडीवर घेऊन घरी आणलं. नवऱ्याने मागचं झाकण उघडलं तर आत पेन्सिल सेलवर चालणारं चौकोनी प्लॅस्टिकचं मशीन! चावीची दोन भोकं होती ती नुसती शोभेला ठेवलेली. विकणाऱ्या आजी खोटं काहीच बोलल्या नव्हत्या, मीच काही विचारलं नव्हतं आणि मागून बघितलंही नव्हतं.

तर हे सगळं लिहायचं कारण एवढंच की फ्रेंच घड्याळाचा चेहरा सुंदरच असतो, कायम. तो बघून भुलायला होतं. खरी माहिती मागे असते, पाठीवर. आता क्रमाने सांगते.

आधी घर बघा, मग घड्याळ

कुठे ठेवणार ते ठरल्याशिवाय बाजारात जाऊ नका. लंबकाचं घड्याळ एकदा बसवलं की हलवायचं नसतं, त्यामुळे भाड्याच्या घरात दर दोन वर्षांनी सामान हलवणाऱ्यांनी लंबकाच्या भानगडीत न पडलेलंच बरं. जागा सपाट आणि पक्की हवी, माणूस शेजारून चालत गेला की थरथरणारी लाकडी फळी चालत नाही. हीटरच्या वर नको, खिडकीच्या उन्हात नको. आणि आवाज! टिकटिक सवयीची होते पण टोले... बेडरूमच्या भिंतीला लागून ठेवलंत तर पहिल्या रात्री बाराचे टोले ऐकून तुम्ही मला शिव्या घालाल.

मग प्रकार. सगळे सांगत बसत नाही, नवशिक्याला जे परवडतात आणि बाजारात खरोखर दिसतात तेवढेच सांगते.

सगळ्यात स्वस्त आणि आतून सगळ्यात भक्कम म्हणजे काळ्या दगडाचं शेकोटीवरचं घड्याळ. साधारण १८५० ते १९०० या काळात ही हजारोंनी बनली. लोक काळा संगमरवर म्हणतात पण बहुतेक वेळा तो बेल्जियमचा काळा पाषाण असतो. दिसायला थोडं थडग्यासारखं, माझ्या सासूबाई बघून म्हणाल्या "हे कुणाच्या समाधीवरून आणलंस?", आणि याच कारणामुळे आज त्यांना मागणी नाही. मी इथल्या बाजारात चाळीस-पन्नास युरोपासून बघितली आहेत. आतली मशीन मात्र अशी की नीट साफ केली तर अजून शंभर वर्षं चालेल. वजन दहा-पंधरा किलो सहज. इथे एक गंमत: अमेरिकेत सेठ थॉमस कंपनीने याच चेहऱ्याची घड्याळं लाकडावर सेल्युलॉइडचा चकचकीत पापुद्रा चिकटवून काढली होती, अ‍ॅडमंटाइन म्हणतात त्याला. आपल्याकडे जुन्या घरांत अमेरिकन घड्याळं बरीच आली, त्यामुळे मुंबईच्या चोरबाजारात कुणी "फ्रेंच मार्बल" म्हणून काळं घड्याळ दाखवलं तर आधी एका हाताने उचलून बघा. एका हाताने आरामात उचललं गेलं तर दगड नाही.

दुसरं, सोनेरी पुतळ्यांचं, काचेच्या घुमटाखालचं. याबद्दल पुढे वेगळं बोलू कारण फसवणूक इथेच जास्त.

तिसरं, प्रवासी घड्याळ. पितळी चौकट, चारही बाजूंनी काच, वर दांडा. इथे याला अधिकाऱ्याचं घड्याळ म्हणजे 'पेंड्युलेत द ऑफिसिए'ही म्हणतात. ब्रेगे या घड्याळजीने १७९८ साली इजिप्तच्या मोहिमेआधी बोनापार्टला असं एक विकलं होतं, आणि पुढे १८३० च्या दशकात पॉल गार्निएने ते बऱ्यापैकी मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. लंबक नसतो, वरच्या छोट्या काचेतून आत डोकावलं की तोलचक्र मागेपुढे फिरताना दिसतं. भाड्याच्या घरवाल्यांनो, तुमच्यासाठी हेच. फक्त घेताना चारही काचांचे कोपरे बघा, टवका उडालेली काच बदलायला मिळते पण तिरप्या कडांची जुनी काच ती नव्हे.

चौथं, कोंत्वाझ. ज्युरा डोंगरातल्या मोरबिए आणि मोरे या गावांकडचं शेतकऱ्यांचं घड्याळ: लोखंडी पिंजरा, दोन वजनं, वर ठोकून उठाव आणलेला पितळी पत्रा, कधी त्यावर कोंबडा तर कधी सूर्य. हे तासाचे टोले दोनदा देतं! म्हणजे सात वाजले की सात टोले, आणि साधारण दोन मिनिटांनी परत सात. कारण सांगतात ते असं की पहिल्या वेळी मोजायचं राहिलं तर दुसऱ्यांदा मोजा, शेतात असलेल्या माणसाला पटेल असंच आहे. तबकडीवर नाव आणि गाव लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा बनवणाऱ्याचं नाही तर विकणाऱ्याचं, त्यामुळे नॉर्मंडीतल्या गावाचं नाव वाचून घड्याळ तिथलं समजू नका. उंच लाकडी कपाटाशिवाय नुसती मशीनही मिळते, भिंतीवर आधार ठोकून टांगता येते, पण वजनं प्रत्येकी काही किलोची असतात, जिप्सम बोर्डाच्या भिंतीत स्क्रू मारून लटकवायचं काम नाही हे.

आणि पाचवं, विसाव्या शतकातलं व्हिंटेज. जाझ मार्क्याची गजराची घड्याळं, सें-निकोला-दालिएर्मों गावची बायार मार्क्याची, साव्हेर्न गावचं व्हेदेत ज्यात वेस्टमिन्स्टरची धून वाजते, पन्नास-साठच्या दशकातली स्वयंपाकघरातली रंगीत फॉर्मायका घड्याळं. पंधरा-वीस युरोत हौस भागते. एकच सांगणं, जुन्या गजराच्या घड्याळांचे काटे अंधारात चमकणारे असतील तर त्या रंगात रेडियम असू शकतं. काच उघडून खरवडू नका, मुलांच्या खोलीत ठेवू नका.

आता फिरवा आणि मागचं दार उघडा

शेकोटीवरच्या जवळपास सगळ्या घड्याळांच्या आत एकच मशीन असते, गोल, पितळी, साधारण तळहाताएवढी. इथे तिला 'पेंड्युल द पारी' म्हणजे पॅरिसचं घड्याळ म्हणतात, पण कच्च्या मशीन बनायच्या बोकूर गावी जापी कंपनीच्या कारखान्यात, मोंबेलियारला किंवा नॉर्मंडीतल्या सें-निकोलाला, आणि पॅरिसात त्यांना घासूनपुसून पेटीत बसवायचे. ही माहिती नुसती ज्ञानासाठी नाही. याचा अर्थ असा की पुतळा कुठलाही असो, आतली मशीन ओळखायला एकदा शिकलात की काम झालं.

मागच्या पट्टीवर गोल शिक्का असतो, मोबाइलचा टॉर्च लावून फोटो काढा आणि मोठा करून वाचा. जापी फ्रेर, मार्ती, व्हेंसांती ही मशीन बनवणाऱ्यांची नावं वारंवार दिसतील. शिक्क्यात प्रदर्शनात मिळालेलं पदक कोरलेलं असतं आणि त्याचा मोठा उपयोग असा की घड्याळ त्या पदकाच्या आधीचं असूच शकत नाही. व्हेंसांतीच्या शिक्क्यात १८३४ चं रौप्यपदक असतं, जापीच्या शिक्क्यातलं मानाचं मोठं पदक १८५५ चं, मार्तीचं सुवर्णपदक १९००. तेव्हा समोरचा "नेपोलियनच्या काळचं आहे मादाम" म्हणतोय आणि मागे १९०० चं पदक आहे तर हसून पुढे जायचं. कुठला नेपोलियन, असंही विचारायला हरकत नाही, कारण तिसरा नेपोलियन १८७० पर्यंत गादीवर होता आणि विक्रेत्याला बऱ्याचदा तोच अभिप्रेत असतो.

शिक्क्याच्या खाली दोन गोष्टी. एक लांब आकडा, हा मशीनचा अनुक्रमांक. आणि त्याच्या जवळपास दोन सुटे आकडे, मधे थोडी जागा, म्हणजे समजा ५ आणि ६. हे पाच इंच सहा लीन्य, जुन्या फ्रेंच मापातली लंबकाची लांबी. फ्रेंच इंच आपल्या इंचापेक्षा मोठा, २७ मिलिमीटरच्या किंचित वर, आणि त्याचे बारा भाग म्हणजे लीन्य. तेव्हा ५ आणि ६ म्हणजे साधारण १४९ मिलिमीटर. देशात मीटर सक्तीचा होऊन कित्येक वर्षं झाली तरी घड्याळवाले आपले इंचातच मोजत राहिले, आपल्याकडे सोनार अजून तोळ्यात बोलतो तसंच.

आता माझ्या मते या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. लंबकाचा गोळा उलटा करून बघा. त्याच्या मागे बहुतेक वेळा तोच अनुक्रमांक ठोकलेला असतो जो मशीनवर आहे. दोन्ही जुळले तर जोडी मूळची. माझ्या काळ्या घड्याळाच्या मशीनवर शेवटचे तीन आकडे ४१७ आणि लंबकावरही ४१७, ते वाचताना मला पत्रिका जुळल्यासारखा आनंद झाला होता. नाही जुळले तर घड्याळ वाईट असं नाही, पण लंबक दुसऱ्याचा आहे, लांबी वेगळी असू शकते, मग ते दिवसाला अर्धा तास पुढेमागे जाईल आणि स्क्रू फिरवून फिरवून तुमची बोटं दुखतील. आणि लंबक नसेलच तर किंमत निम्म्यावर आणा. एक भाषेची ठेच: मी सुरुवातीला लंबकाला "ल पेंड्युल" म्हणायचे, पुस्तकात बरोबर आहे ते, पण दुकानदाराला वाटायचं मी घड्याळच मागतेय. तो शब्द 'बालांसिए'.

लंबक कशाला लटकतो तेही बघा. रेशमी दोऱ्याला लटकत असेल तर घड्याळ जुनं, साधारण १८४० च्या आसपास किंवा आधीचं. पातळ पोलादी पट्टीला लटकत असेल आणि वर छोटं यंत्र असेल तर ती ब्रोको पद्धत, नंतरची. ब्रोकोची ओळख पुढूनही पटते, तबकडीवर बाराच्या आकड्याजवळ एक बारीक भोक असतं, त्यात चावीचं लहान टोक घालून फिरवलं की वेग कमीजास्त होतो. नवशिक्याने ब्रोकोवालंच घ्यावं असं मी म्हणेन. रेशमी दोरा सुंदर दिसतो पण दमट हवेत त्याची लांबी बदलते, आणि हे घड्याळ पुढे कधी मुंबई-रत्नागिरीला न्यायचं असेल तर जून ते सप्टेंबर ते काय वेळ दाखवेल ते त्यालाच माहीत.

बाकी बघायचं ते पटापट: मशीन पेटीत घट्ट बसलीय का, पेटीला जुनी बुजवलेली भोकं आहेत का (असली तर आतली मशीन नंतर कुठून तरी आणून घातलेली), चावीच्या भोकांभोवती तबकडीला तडे आहेत का. केसासारखे बारीक तडे चालतात, तुकडा उडालेला असेल तर भाव पाडा. चारच्या जागी चार उभ्या रेघा असतील तर दचकू नका, घड्याळांवर तशीच पद्धत.

सोनं की जस्त

सोनेरी पुतळेवाल्या घड्याळांत दोन जाती. खरं म्हणजे ब्राँझवर सोन्याचा मुलामा, आणि दुसरं 'रेग्युल', म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम, वरून सोनेरी. दुकानात दोन्ही तितकीच चमकतात. नखाने टिचकी मारा: ब्राँझ घंटीसारखं किणकिणतं, रेग्युल डब्यासारखं बद्द वाजतं. मग उलटं करून तळाशी जिथे कुणी बघत नाही तिथे घासलेली जागा शोधा, आत पिवळं दिसलं तर ब्राँझ किंवा पितळ, राखाडी दिसलं तर रेग्युल. पुतळ्याखाली शिल्पकाराच्या नावाची पितळी पट्टी असली म्हणून ब्राँझ ठरत नाही, रेग्युलवर तर त्या हमखास असतात. रेग्युल वाईट अशातला भाग नाही, माझ्याकडे एक आहे आणि मला आवडतं, पण ब्राँझचे पैसे देऊ नका आणि पुतळ्याचा हात धरून उचलू नका, कारण हा धातू ठिसूळ असतो, मोडला की नीट जोडला जात नाही.

आणि घासू नका! आमच्या एका नातेवाईक मावशींनी, प्रेमाने, चिंच आणि मीठ लावून मुलाम्याचा दिवा देवाच्या समईसारखा लख्ख केला. लख्ख झाला खरा, पण सोनं चिंचेबरोबर गेलं आणि खाली पितळ उरलं. कोरडा मऊ ब्रश, बस.

विकणाऱ्याचे शब्द नीट ऐका

फ्रान्समध्ये यासाठी कायदाच आहे, १९८१ चा हुकूम. पावतीवर 'एपोक लुई सेझ', म्हणजे सोळाव्या लुईचा काळ, असं लिहिलं तर वस्तू खरोखर त्या राजाच्या काळातली आहे अशी हमी विक्रेत्याने दिली. 'स्तील लुई सेझ' लिहिलं तर फक्त त्या शैलीची, मग बनलेली भले शंभर वर्षांनंतर असो, हमी काही नाही. एका शब्दाने किमतीला एक शून्य लागतं किंवा उडतं. म्हणून महागाचं काही घेताना तोंडी गप्पा कितीही गोड असोत, पावतीवर तो शब्द लिहून घ्या.

घ्यायचं कुठे? पॅरिसला लागून सें-तुआंचा बाजार प्रसिद्ध आहे, फिरायला जरूर जा, शिकायला मिळतं, पण भाव पर्यटकांचे. पॅरिसच्या व्हांव्ह वेशीपाशी शनिवार-रविवार सकाळी भरतो तो मला जास्त आवडतो. द्रुओ या पॅरिसच्या लिलावघरात आधी हातात घेऊन बघू देतात ही मोठी सोय, फक्त बोलीच्या रकमेवर पाव भागाच्या आसपास शुल्क चढतं ते डोक्यात ठेवूनच हात वर करा. आणि "चालतं का?" विचारल्यावर "ठेवलं तेव्हा चालत होतं" असं उत्तर आलं तर ते बंद आहे असं धरून भाव करा. साफसफाई आणि तेलपाणी करायला घड्याळजी जे घेतो ते काळ्या दगडाच्या घड्याळाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतं, माझं पन्नासचं घड्याळ आणि त्यावर एकशे ऐंशीची दुरुस्ती. नवऱ्याला हा हिशोब अजून पटलेला नाही.

भारतात नेणाऱ्यांसाठी दोन ओळी. बूल पद्धतीच्या जडावकामात कासवाची पाठ वापरलेली असते, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत, तसलं घड्याळ कागदपत्रांशिवाय विमानात घेऊन जाऊ नका. आणि उलट दिशेने, म्हणजे आजोबांचं घड्याळ भारतातून बाहेर आणायचं असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा बघा, शंभर वर्षांपुढच्या वस्तू त्यात येऊ शकतात, आधी पुरातत्त्व खात्याकडून दाखला घेतलेला बरा.

घरी आणल्यावर

आणतानाच लंबक काढून वेगळा गुंडाळा. तो लटकत ठेवून गाडीने आणलं तर वरची पोलादी पट्टी वाकते, आणि घरी आल्यावर "दुकानात चालत होतं" अशी रड सुरू.

ठेवा, लंबक लावा, चावी द्या, हलकेच झोका द्या आणि डोळे मिटून ऐका. टिक... टाक... टिक... टाक... अंतर सारखं हवं. टिक-टाक......टिक-टाक असं लंगडत असेल तर तासाभरात बंद पडणार. अशा वेळी पेटीखाली कागदाच्या घड्या घालून एका बाजूने किंचित उचलून बघा, कुठल्या बाजूने सारखं वाजतंय ते कळेल. कागद कायम ठेवायचे नसतील तर गोल मशीन दोन पट्ट्यांनी मागच्या कडीला आवळलेली असते, ते दोन स्क्रू थोडे सैल करून अख्खी मशीन तबकडीसकट केसभर फिरवायची आणि परत आवळायची. पहिल्यांदा भीती वाटते. पण हे जमलं की अर्धे घड्याळजी झालात. स्प्रिंगचं घर मात्र उघडायचं नाही, कधीच नाही, ती भरलेली स्प्रिंग बोटं फोडते.

टोले चुकतायत? जुन्या मशीनमध्ये मागे एक खाचांचं चक्र असतं, ते आपलं आपण मोजत पुढे जातं, काटे कुठे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून चार वाजता नऊ टोले पडू शकतात. मिनिटकाटा पुढे नेत नेत, प्रत्येक अर्ध्या आणि पूर्ण तासाला थांबून टोले पूर्ण पडू द्या, मोजा. समजा नऊ पडले तर तासकाटा नऊवर आणा, तो बहुतेक नुसता दाबून बसवलेला असतो, हलक्या हाताने फिरतो. मग मिनिटकाटा पुढे पुढे फिरवत खऱ्या वेळेवर या, टोले वाजू देत देतच. मागे फिरवू नका. आणि या घड्याळात अर्ध्या तासाला एकच टोला असतो, त्यामुळे साडेबाराला एक, एकला एक, दीडला परत एक. रात्री जाग आली आणि एकच टोला ऐकू आला तर नक्की किती वाजलेत ते कळायला अजून तासभर जागं राहावं लागतं.

वेळ लावायला एक आठवडा द्या, रोज बाराच्या वरच्या भोकात चावी थोडीशीच फिरवा. तिथे कधी रोमन लिपीतलं ए आणि आर दिसेल, आव्हांस आणि रतार, म्हणजे पुढे आणि मागे. पितळी दांड्याचा लंबक दहा अंशांनी हवा तापली की दिवसाला आठेक सेकंद मागे पडतो, हे भौतिकशास्त्र आहे, बिघाड नाही. शिवाय मिनिटांवरून जीव टाकू नका, ज्या देशात हे घड्याळ बनलं तिथे एकेकाळी स्टेशनच्या आतलं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं मागे ठेवायचे, प्रवाशांची गाडी चुकू नये म्हणून. आणि १९११ मध्ये ग्रीनिचची वेळ स्वीकारताना ग्रीनिच हे नाव न घेता कायद्यात लिहिलं, पॅरिसची वेळ वजा ९ मिनिटं २१ सेकंद.

आणि घरात तान्हं बाळ असेल, किंवा खालच्या मजल्यावरचे मस्यो तक्रार करायला आले असतील, तर टोल्यांच्या बाजूला चावीच देऊ नका. पुढून बघताना बहुतेक वेळा ती डावी. खाचांच्या चक्राच्या मशीनला याचा काही त्रास नसतो, ते मुकाट वेळ दाखवत राहतं. आमचं काळं गेले आठ महिने असंच गप्प आहे.